सी मध्ये ओळ वाचताना नेमका 'ऊ' गायब होतो आणि ओळ तिथेच तुटते

कृष्णाकाठ

तीन दिवस एका गोष्टीत अडकले आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात काम करते. ऊस लागणीच्या नोंदी गट ऑफिसमधून आमच्याकडे येतात, प्रत्येक गटाची एक फाइल. रकाने असे: अ.क्र., शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागण तारीख, क्षेत्र, शेरा. लागण तारीख आणि जात बघून प्रोग्राम तोडणीची क्रमवार यादी काढतो. एखादी नोंद सुटली तर त्या शेतकऱ्याची तोड मागे पडते, उसाला तुरे येतात आणि वजन घटतं. आमच्या घरीही ८६०३२ जातीचा अडीच एकर ऊस आहे, त्यामुळे तोड लांबली की घरात काय चालतं ते मला माहीत आहे. म्हणून ही यादी मला शंभर टक्के बरोबर हवी आहे.

प्रोग्राम सी भाषेत आहे, माझ्या आधीच्या साहेबांनी लिहिलेला. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) मधली फाइल एफगेट्सने ओळीओळीने वाचायचा आणि कधी त्रास दिला नाही. यंदा एका गटाच्या क्लार्कने एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह केलेली फाइल पाठवली. ती यूटीएफ-१६ निघाली. ओळीत जागोजागी शून्य बाइट, त्यामुळे एफगेट्सने आणलेली स्ट्रिंग सुरू होते न होते तोच संपायची.

मग मी असं केलं. आमच्या लिनक्स सर्व्हरवर फाइल बायनरी मोडमध्ये उघडली, एफगेटसीने एकेक बाइट घेत गेले, १० हा बाइट आला की ओळ संपली असं धरलं आणि त्याच्या पाठोपाठ येणारा एक बाइट (तो शून्यच असणार म्हणून) टाकून दिला. जमलेले बाइट आयकॉन्व्हला 'यूटीएफ-१६एलई' म्हणून देऊन यूटीएफ-८ करून घेतले. आणि चाललं! जवळजवळ सगळी फाइल स्वच्छ आली.

पण एक्सेलमध्ये शीर्षकासकट ४१२ ओळी आहेत आणि माझा प्रोग्राम ४३१ मोजतो. जास्तीच्या १९ ओळी शोधल्या तर प्रकार असा दिसला: 'भाऊसाहेब' असं नाव असलं की एका ओळीच्या शेवटी 'भा' आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला 'साहेब'. शेऱ्यात 'ऊस लोळलेला' असलं की शेरा रिकामा आणि पुढची ओळ 'स लोळलेला'. अशा ११ ओळी नावांत तुटल्या आणि ८ शेऱ्यात. दर वेळी मधला 'ऊ' गायब. 'उसाची जात' मधला ऱ्हस्व उ शाबूत आहे. 'बापू' मधल्या दीर्घ ऊकारालाही काही होत नाही. फक्त सुटा, पूर्ण 'ऊ'.

हाच प्रोग्राम घरी विंडोजच्या लॅपटॉपवर घेऊन बघितला. तिथे एफओपनला नुसता 'आर' मोड दिला होता. तिथे तर ३२ बाइट वाचून 'फाइल संपली' म्हणतो. ३२ बाइट म्हणजे शीर्षकातल्या 'शेतकऱ्या' पर्यंतच!

एका ठिकाणी वाचलं की रुंद अक्षरांसाठी एफगेटडब्ल्यूएस वापरावं. सेटलोकेल करून (भाषा आणि एन्कोडिंगची मांडणी, म्हणजे लोकेल, लावून) तेही केलं. पहिल्याच हाकेला नल आलं आणि एररनोचा मजकूर असा: 'इनव्हॅलिड ऑर इनकंप्लीट मल्टिबाइट ऑर वाइड कॅरॅक्टर'.

आणखी एक. लिनक्सवर पहिल्या रकान्याचं नाव 'अ.क्र.' शी जुळत नाही. छापून बघितलं तर दिसायला अगदी तेच आहे.

ऊ नेच काय केलंय? आणि अशा फाइलमधून ओळ वाचायची सरळ पद्धत कोणती?

---

पुणे_३०

ताई, ऊ चा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९०ए आहे. लहान टोक आधी या क्रमाने फाइलमध्ये तो '०ए ०९' असा लिहिला जातो. आणि ०ए म्हणजेच दशमान १०, ओळ संपल्याची खूण. खरी ओळ संपते तिथे बाइट असतात '०ए ००'. तुमच्या कोडला दोन्हींत फरक दिसत नाही, कारण तुम्ही पाठचा बाइट न बघता टाकून देताय. तो ०० आहे की ०९, एवढं तपासलं असतं तर लगेच सापडलं असतं. पाठचा एक बाइट टाकल्याने जोड्यांचा ताल मात्र बिघडत नाही, म्हणून बाकीची फाइल स्वच्छ येते. त्यामुळेच हे शोधायला अवघड गेलं.

विंडोजवरचं कारणही याच जातीचं. च चा क्रमांक ०९१ए. त्यातला १ए म्हणजे कंट्रोल-झेड, आणि विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये वाचताना तो बाइट आला की फाइल संपली असं मानतात. मोजून बघा: बॉमचे (फाइलच्या सुरुवातीची, बाइटांचा क्रम सांगणारी खूण) २ बाइट, 'अ.क्र.' ची ६ चिन्हं म्हणजे १२, टॅबचे २, आणि 'शेतकऱ्या' ची ८ चिन्हं म्हणजे १६. बेरीज ३२. तेहेतिसावा बाइट 'शेतकऱ्याचे' मधल्या च चा.

---

विदा_आणि_मी

पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग सांगा, चार ओळींत काम होईल. सी मध्ये कशाला एवढं?

---

कृष्णाकाठ

@पुणे_३०, मनापासून आभार. तीन दिवस मी हेक्समध्ये ओळींचे शेवट बघत होते, ऊ चे बाइट बघायचं डोक्यातच आलं नाही. आत्ता एक्सेलमध्ये ऊ शोधून मोजले, बरोबर १९ आहेत.

@विदा_आणि_मी, क्रमवारीचे नियम, वजनकाट्याशी जोडलेला भाग, तोडणी टोळ्यांचे हिशेब असं सगळं या सी प्रोग्राममध्ये आहे आणि ते वर्षानुवर्षं तपासून झालंय. गाळप हंगाम तोंडावर असताना ते हलवायची परवानगी मला मिळणार नाही, आणि मलाही ते योग्य वाटत नाही. मला फक्त वाचण्याचा भाग नीट करायचाय.

---

निवृत्त_प्रोग्रामर

ताई, तुमचा निर्णय बरोबर आहे. चालू हंगामात चालता प्रोग्राम बदलू नये. वाचण्याचं दार तेवढं दुरुस्त करू.

आधी ऊ बद्दल थोडं, कारण ते नीट समजलं की उद्या दुसरं अक्षर अडलं तरी तुम्ही घाबरणार नाही. युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, १२८ जागांचा. त्याची मांडणी आपल्याकडच्या इस्की या भारतीय लिपींच्या मानकावरून घेतली. अ बसला ०५ वर, मग आ ०६, इ ०७, ई ०८, उ ०९, ऊ ०ए. वर्णमालेतला सहावा स्वर म्हणून ऊ त्या जागेवर आला, एवढंच. उ तर '०९ ०९' आहे, म्हणजे बाइट बाइट बघणाऱ्याला दोन टॅब. तुमची फाइल टॅबने रकाने पाडलेली आहे. ओळीचे रकाने पाडण्याच्या आधी तुम्ही यूटीएफ-८ केलंत म्हणून वाचलात. नाहीतर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा वरचा बाइट ०९ असल्याने अक्षरागणिक रकाना पडला असता. गुजरातीचा पट्टा ०ए८० पासून सुरू होतो. तिथे तुमच्या पद्धतीने प्रत्येक अक्षरावर ओळ तुटली असती.

यूटीएफ-१६ फाइलला बाइटांची फाइल समजायचंच नाही. तिचा सर्वांत लहान घटक दोन बाइटांचा आहे. तुमच्याच कोडमध्ये कमीत कमी बदल करायचा तर एका वेळी दोन बाइट वाचा, त्यांचा एक आकडा करा आणि तो पूर्ण आकडा १० आहे का ते बघा. ऊ चा आकडा २३१४ येईल. गोंधळ संपला.

आता एफगेटडब्ल्यूएस. याच्याबद्दल फार जणांचा गैरसमज असतो. नाव वाचून वाटतं की हे रुंद अक्षरांची फाइल वाचणारं फंक्शन आहे. तसं नाही. त्याच्या हिशेबाने फाइल बाइटांचीच असते, चालू लोकेलच्या एन्कोडिंगमध्ये लिहिलेली. तिथून बाइट उचलून तो त्यांचं डब्ल्यूचार_टी (रुंद अक्षराचा प्रकार) मध्ये रूपांतर करतो. म्हणजे रुंदपणा मेमरीत आहे, डिस्कवर नाही. तुमच्या सर्व्हरचं लोकेल यूटीएफ-८ आहे आणि फाइलचा पहिलाच बाइट बॉममधला एफएफ. यूटीएफ-८ मध्ये एफएफ हा बाइट कधीच येत नाही. त्यामुळे पहिल्या पावलालाच ईआयएलसेक, म्हणजे तुम्हाला दिसलेली तीच चूक. तुमची चूक नव्हती, फंक्शनला हाताशी भलती फाइल होती.

ही फंक्शनं सी मध्ये १९९५ च्या दुरुस्तीने आली आणि पुढे सी९९ मध्ये मुख्य मानकात सामील झाली. डब्ल्यूचार_टी हा प्रकार त्याच्याही आधीचा, पण त्याचा आकार मानकाने ठरवून दिला नाही. लिनक्सवर तो ४ बाइटांचा, विंडोजवर २ बाइटांचा. देवनागरी दोन्हींत मावते. पण डब्ल्यूचार_टी चा ॲरे जसाच्या तसा फाइलमध्ये लिहून दुसऱ्या मशीनवर वाचायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका.

लिनक्सवर यूटीएफ-१६ थेट वाचायचीच असेल तर जीलिबसी या तिथल्या सी लायब्ररीमध्ये एक सोय आहे. एफओपनच्या मोडमध्ये 'आर,सीसीएस=यूटीएफ-१६एलई' असं लिहायचं. मग तो प्रवाह रुंद म्हणून उघडतो, रूपांतर आतल्या आत होतं आणि एफगेटडब्ल्यूएस नीट चालतं. ते वापरणार असाल तर चार गोष्टी सांगतो, चारही माझ्या हातून कधी ना कधी चुकलेल्या आहेत.

दुसऱ्या जागी जो आकडा द्यायचा तो अक्षरांचा, बाइटांचा नव्हे. २५६ डब्ल्यूचार_टी चा बफर घेऊन सवयीने साइझऑफ बफर दिलंत तर लिनक्सवर १०२४ जातं, आणि लांब ओळ आली की बफरच्या पलीकडे लिहिलं जातं. साइझऑफला एका डब्ल्यूचार_टी च्या साइझऑफने भागा. मी हे एकदा न भागता सोडलं होतं. सहा महिने काही झालं नाही, कारण तोवर एवढी लांब ओळच आली नव्हती.

ओळ बफरपेक्षा लांब असली तर तो २५५ अक्षरं देऊन थांबतो आणि उरलेली पुढच्या हाकेला देतो, कुठलीही चूक न दाखवता. म्हणून दर वेळी शेवटचं अक्षर ओळ संपल्याची खूण आहे का ते बघायचं. नसेल आणि फाइलही संपली नसेल तर ओळ अर्धी आहे.

नल आलं म्हणजे फाइल संपली असं धरू नका. नल दोन्हींसाठी येतं, संपली तरी आणि खराब बाइट लागला तरी. फेरर (वाचताना चूक झाली का ते सांगणारं फंक्शन) आणि एररनो (चुकीचा क्रमांक) तपासा. नाहीतर २०० व्या ओळीत एक खराब बाइट असेल आणि तुमचा प्रोग्राम अर्धी यादी पूर्ण म्हणून छापेल. तुमच्या कामात सर्वांत मोठा धोका हाच आहे.

आणि एका प्रवाहावर रुंद आणि साधी फंक्शनं मिसळू नका. पहिली जी हाक जाते तिच्यावरून प्रवाह साधा की रुंद ते ठरतं आणि पुढे तसंच राहतं. पडद्यावर आधी प्रिंटएफ केलं आणि मग डब्ल्यूप्रिंटएफ केलं तर दुसऱ्याचं काहीच उमटत नाही आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. साध्या प्रिंटएफमध्ये '%एलएस' देऊन रुंद स्ट्रिंग छापता येते. तेवढं पुरतं.

हे सगळं सांगितलं, पण तुमच्या जागी मी असतो तर यातलं काहीही केलं नसतं. फाइल आत येते त्या दारातच पूर्ण फाइल एकदम आयकॉन्व्हने यूटीएफ-८ केली असती आणि आत जुनाच कोड ठेवला असता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, आणि त्यातला प्रत्येक बाइट हेक्समध्ये ८० किंवा त्याच्या वरचा. ०ए हा बाइट तिथे फक्त ओळ संपते तेव्हाच येतो, अक्षराच्या पोटात कधीच नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी १९९२ मध्ये ते रचलं तेव्हा जुने प्रोग्राम चालत राहावेत हा विचार मुळातच होता. तुमच्या साहेबांचा एफगेट्स इतकी वर्षं निर्धास्त चालला तो त्यामुळेच.

फक्त आयकॉन्व्हला 'यूटीएफ-१६' सांगा, 'यूटीएफ-१६एलई' नको. शेवटी एलई जोडलं की त्याला वाटतं तुम्ही क्रम ठरवून दिलाय, आणि बॉमला तो मजकुरातलं एक चिन्ह समजून पुढे ढकलतो. 'अ.क्र.' न जुळण्याचं कारण तेच. त्याच्या आधी न दिसणारा एफईएफएफ बसलाय. नुसतं 'यूटीएफ-१६' म्हटलं की तो बॉम बघून क्रम ओळखतो आणि बॉम काढून टाकतो. बॉम फाइलच्या सुरुवातीला एकदाच असतो, म्हणून ओळीओळीने नव्हे, पूर्ण फाइल एकदम.

एफगेट्सच्या जागी गेटलाइन घेतलंत तर २५६ ची काळजीही मिटेल. पॉइंटर नल आणि आकार शून्य देऊन सुरू करा, लागेल तसा तो बफर वाढवतो. मोकळा करायचा तो शेवटी एकदाच. ओळीच्या शेवटी एक्सेलने टाकलेला कॅरेज रिटर्न राहतो, तो कापा, नाहीतर शेरा कशाशीच जुळणार नाही.

---

फ्रीमाँट_मराठी

विंडोजची बाजू मी सांगतो, रोज त्यातच असतो. तिथल्या एफओपनलाही सीसीएस चालतं: 'आरटी, सीसीएस=यूटीएफ-१६एलई'. फाइलच्या सुरुवातीला बॉम असेल तर तो बघूनच एन्कोडिंग ठरतं आणि बॉम तुमच्यापर्यंत येत नाही. कॅरेज रिटर्नही काढला जातो. कंट्रोल-झेडची तपासणी तिथे पूर्ण दोन बाइटांच्या आकड्यावर होते, त्यामुळे च सुरक्षित. अशा प्रवाहावर फक्त रुंद फंक्शनं वापरा.

क्लार्कना नोटपॅडमधून सेव्ह करायला सांगणार असाल तर जुन्या नोटपॅडमधलं 'युनिकोड' म्हणजे यूटीएफ-१६ हे लक्षात ठेवा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं.

---

कृष्णाकाठ

निवृत्त काका, तुमचं उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

दारात आयकॉन्व्ह, आत गेटलाइन असं केलं. ४१२ ओळी, नेमक्या. 'अ.क्र.' जुळलं. नंतर बाकीच्या गटांच्या जुन्या फाइलींवरही चालवून बघितलं, सगळीकडे एक्सेलचे आणि प्रोग्रामचे आकडे सारखे.

पण एका कामासाठी मला रुंद अक्षरं लागतायतच. गावांच्या नावांत 'कऱ्हाड' दोन प्रकारे येतंय. दिसायला एकच, पण स्ट्रसीएमपी वेगळं म्हणतं. बाइट काढून बघितले. एका क्लार्कच्या फाइलमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, म्हणजे ०९३१, ०९४डी. दुसऱ्याच्या फाइलमध्ये साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह: ०९३०, ०९४डी, २००डी. हे एकाच रूपात आणायचं म्हणून ओळ गेटलाइनने घेऊन एमबीएसटूडब्ल्यूसीएसने रुंद केली आणि तीन चिन्हांच्या जागी दोन बसवली. हाताने चालवलं की नीट चालतं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) चालवलं की एकही ओळ रुंद होत नाही, एमबीएसटूडब्ल्यूसीएस प्रत्येक वेळी उणे एक देतं. फाइल तीच, प्रोग्राम तोच. असं का व्हावं?

---

निवृत्त_प्रोग्रामर

फाइल तीच, प्रोग्राम तोच, पण वातावरण वेगळं. तुम्ही सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग देत असणार. त्याचा अर्थ 'वातावरणात जे लोकेल असेल ते घे'. तुम्ही लॉगिन करता तेव्हा लँग हा चल यूटीएफ-८ वर लावलेला असतो. क्रॉनच्या वातावरणात तो बहुधा नसतोच, मग लोकेल राहतं साधं 'सी', आणि त्याला देवनागरीचे बाइट कळत नाहीत.

नाव स्पष्ट द्या. आधी 'लोकेल -ए' चालवून सर्व्हरवर काय काय आहे ते बघा. 'सी.यूटीएफ-८' असेल तर ते घ्या, नसेल तर मराठीचं 'एमआर_आयएन', तेही यूटीएफ-८ च आहे. एलसी_ऑल नको, एलसी_सीटाइप पुरे. अक्षरं ओळखण्यापुरतंच लोकेल हवंय, आकडे आणि तारखा छापायची पद्धत बदलायला नको. आणि सेटलोकेलने काय परत दिलं ते तपासा. नल आलं तर प्रोग्राम तिथेच थांबवा, स्पष्ट संदेश लिहून. लोकेल न लागता पुढे गेलेला प्रोग्राम रात्री कोणी बघत नसताना चुकतो.

ऱ चं तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर. असं अक्षरं बघून काही करायचं असतं तेव्हाच रुंद रूप उपयोगी पडतं. तिसरंही एक रूप भेटेल, तयारीत असा: साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, ०९३०, ०९३सी. युनिकोडच्या नियमाने ते ०९३१ च्या बरोबरीचं आहे, पण स्ट्रसीएमपीला तो नियम माहीत नाही. रुंद ओळीत तेही बदलून घ्या.

---

पुणे_३०

यादी छापताना रकाने सरळ यावेत म्हणून डब्ल्यूसीएसलेनने लांबी मोजणार असाल तर थांबा. 'शेतकऱ्याचे' ची रुंद लांबी १० येते, यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट, आणि डोळ्याला अक्षरं दिसतात पाच. तिन्ही आकडे रकाना भरायला चालत नाहीत. त्यासाठी अक्षरांची छापील रुंदी मोजणारी लायब्ररी लागते, किंवा टॅब ठेवून छपाईचं काम एक्सेलवर सोपवा.

---

कृष्णाकाठ

क्रॉनचं जमलं. सर्व्हरवर 'सी.यूटीएफ-८' होतं. सेटलोकेलचं उत्तर तपासणारी अट घातली आणि मुद्दाम चुकीचं नाव देऊन ती अडवते का ते बघितलं. अडवते. फेररची तपासणीही प्रत्येक वाचनानंतर घातली. आणि दाराशी एक नवीन तपासणी: फाइलचे पहिले दोन बाइट एफएफ एफई असतील तर यूटीएफ-१६, पहिले तीन ईएफ बीबी बीएफ असतील तर बॉमवाली यूटीएफ-८, तो बॉम कापायचा. यातलं काहीच नसेल तर नेहमीची यूटीएफ-८. क्लार्कनी यांपैकी कशीही फाइल पाठवली तरी चालेल.

नुक्तावालं तिसरं रूपही सापडलं, काका. दोन गावांच्या नावांत होतं. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर ती दोन गावं चार म्हणून मोजली गेली असती.

@पुणे_३०, छपाई एक्सेलवरच ठेवतेय. मुकादमांना गेली कित्येक वर्षं तोच नमुना हातात मिळतोय, तो बदलायचं कारण नाही.

आज संध्याकाळी त्या गटाची यादी पुन्हा काढली. तुटलेल्या १९ ओळी समोर ठेवून एकेक नाव बोटाने जुळवलं. अकराही भाऊसाहेब पूर्ण नावानिशी आपापल्या लागण तारखेच्या जागी आलेत. 'ऊस लोळलेला' शेऱ्याच्या आठही नोंदी आहेत. लोळलेला ऊस आधी तोडायचा असतो, त्यामुळे त्या आठ जणांना गट ऑफिसमधून आजच फोन गेलाय.